आठवड्याचा विषय

लातूरसारख्या गावात राहून जी माणसे इंटरनेटवर मराठीतून व्हिडिओ करतात, त्यांचे वर्ष कसे जाते हे पंचांग न उघडताही सांगता येते. एप्रिलमध्ये पाण्याची रेल्वे, जूनमध्ये पेरणी आणि बियाण्यांचे भाव, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम, ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप, नवरात्रात तुळजापूर, दसरा झाला की ऊसतोड कामगारांच्या गाड्या, मार्गशीर्षात वेळ अमावस्या आणि पाठोपाठ हुरडा. मध्ये कुठे जागा उरलीच तर वेरूळ, अजिंठा आणि पाणचक्की आहेतच. हे विषय हलके नाहीत. यातला एकेक विषय माणसाला आयुष्यभर पुरेल एवढा मोठा आहे. अडचण एवढीच आहे की त्या त्या दिवशी एकाच विषयावरचे डझनावारी व्हिडिओ एकदम येऊन पडतात आणि त्यांतले कोणतेही दोन शेजारी ठेवले तर निवेदकाचा चेहरा सोडून दुसरा फरक हाती लागत नाही. तेच ड्रोनने घेतलेले दृश्य, तीच बासरी, आणि ‘आज आपण जाणून घेणार आहोत’ हे तेच पहिले वाक्य.

मीही याच गर्दीतली आहे. नोकरी सांभाळून आठवड्याला एक व्हिडिओ करते. लग्नकार्यात किंवा हळदीकुंकवाला गेले की कोणीतरी हमखास विचारते, ‘तुम्हाला विषय तरी कुठून सुचतात?’ या प्रश्नाला मी आजवर हसून बगल देत आले, कारण त्याचे उत्तर पंगतीत बसून देण्याएवढे लहान नाही. शिवाय ‘सुचणे’ हा प्रकार त्यात फार कमी असतो. विषय सुचण्याची वाट पाहत बसणाऱ्या माणसाचे चॅनेल दुसऱ्या महिन्यात बंद पडते.

हा धंदा आमच्या भागात आला तोच मुळी घाईत. सप्टेंबर २०१६ मध्ये स्वस्त डेटा आला आणि तालुक्याच्या गावापासून वस्ती-तांड्यापर्यंत हातोहाती व्हिडिओ पोहोचू लागले. पुढे टिकटॉकवर गावोगावची पोरे नाचली, हसवून गेली, आणि जून २०२० च्या शेवटी त्यावर बंदी येताच तीच पोरे काही आठवड्यांत रील्सवर आणि पुढे शॉर्ट्सवर दिसू लागली. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण ही अट २०१८ पासून आहे. चार हजार तास म्हणजे किती, हे ज्याने शून्यापासून मोजले आहे त्यालाच ठाऊक. त्या आकड्याकडे डोळे लावून बसलेला माणूस साहजिकच जे काल दुसऱ्याचे चालले तेच आज आपल्या नावाने करून पाहतो, आणि त्याला दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. बँकेचा हप्ता नवेपणाची वाट पाहत थांबत नाही.

विषय शोधण्यासाठी साधने मात्र भरपूर आहेत आणि मी ती सगळी वापरते. शोधपेटीत ‘मराठवाडा’ एवढे लिहून थांबले की खाली सूचनांची रांग उभी राहते. ती रांग म्हणजे लोक काय शोधतात याचा फुकटचा अंदाज असतो. गूगल ट्रेंड्सवर एखाद्या शब्दाची मागणी कधी चढली, कधी उतरली, हे शंभराच्या मोजपट्टीवर दिसते. ‘हुरडा’ हा शब्द तिथे दरवर्षी थंडीत उठतो आणि शिमग्याच्या सुमारास झोपतो. स्वतःच्या व्हिडिओचा आलेख तर फार निष्ठुर असतो. प्रेक्षक नेमक्या कोणत्या सेकंदाला कंटाळून निघून गेला, हे तो दाखवतो. मला त्याचा उपयोग झाला आहे. लांबलचक प्रस्तावना करण्याची माझी खोड त्याच्यामुळेच मोडली.

परंतु ही साधने मोजतात ते लोकांनी आधीच विचारलेले प्रश्न. ज्या बाईला प्रश्न पडला आहे, पण तो फोनवर लिहून विचारायचा असतो हे जिच्या मनातही आलेले नाही, तिची नोंद कोणत्याच आलेखात होत नाही. आणि ज्या माणसाजवळ एखाद्या कामाचे पक्के ज्ञान आहे, तो तर त्या कामाबद्दल काहीच शोधत नाही. त्याला ते येते. मराठवाड्यातल्या जगण्याचा फार मोठा भाग या दोन माणसांच्या मध्ये पडलेला आहे आणि त्याच्यावर शोधाचा प्रकाश पडतच नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की ती एका दमात पन्नास विषय काढून देते. मी विचारून पाहिले आहे. ‘मराठवाड्यातील दहा प्रेक्षणीय स्थळे’, ‘आजीच्या हातचे पाच पदार्थ’, ‘दुष्काळावर मात करणारा शेतकरी’. यंत्राचा यात काही गुन्हा नाही. आमच्या भागाबद्दल जेवढे लिहिले गेले आहे तेवढेच त्याच्या पोटात आहे, आणि जे लिहिले गेले आहे ते आधीच थोडे आणि एकसारखे आहे. त्यातून ते निराळे काय काढणार? जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने घाऊक पद्धतीने काढलेल्या, एकाच साच्यातल्या व्हिडिओंना उत्पन्न मिळणार नाही हा आपला नियम पुन्हा स्पष्ट करून सांगितला. तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी धास्ती घेतली. मला त्यात थोडी गंमत वाटली, कारण साचा वापरायला माणसाला यंत्राची गरज कधीच लागली नव्हती.

मग विषय येतो कुठून, हे एका प्रसंगाच्या आधारे सांगणे सोपे जाईल.

२०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आणले गेले, हे साऱ्या देशाला माहीत आहे. त्यानंतरच्या प्रत्येक एप्रिलमध्ये त्या टाक्यांच्या वाघिणींची चित्रे पुन्हा फिरतात आणि त्यांवर नव्याने निवेदन चढवले जाते. एका वर्षी मलाही त्या रेल्वेवरच काहीतरी करायचे होते. वर्तमानपत्रांची कात्रणे जमवून मी संहिता लिहायला बसले होते, तेवढ्यात गल्लीत नळ आला. आमच्याकडे नळ येतो तेव्हा गल्लीचा आवाज बदलतो; मोटारी सुरू होतात, पायऱ्यांवरून भांडी उतरतात, कोणीतरी कोणाला तरी हाक मारते. शेजारच्या काकूंनी पहिली बादली भरली आणि ती बाजूला ठेवली. मग पाइप लगेच ड्रममध्ये न सोडता त्यांनी आधी तांब्याची घागर लावली, मग स्टीलची कळशी, मग पुन्हा थांबून पाण्याचा रंग पाहिला, आणि त्यानंतर ड्रम. मी सहज विचारले, ‘काकू, हा क्रम ठरलेला आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘त्यात काय विचारायलीस? सगळ्या घरी असंच असतंय.’

सगळ्या घरी तसे नव्हते. त्या दिवशी आणि पुढच्या वेळी नळ आला तेव्हा मी गल्लीतल्या घरोघरी एकच प्रश्न विचारत गेले: पाणी आले की आधी काय भरता? एका घरी सर्वांत आधी गच्चीवरची टाकी भरत होते, कारण सगळ्यांच्या मोटारी लागल्या की पाणी वर चढत नाही. दुसऱ्या घरी प्यायचे पाणी जारने विकत येत असल्यामुळे नळाच्या पाण्यातली पहिली धार धुण्याच्या टबात जात होती. एका भाडेकरू मुलांच्या खोलीत क्रमच नव्हता; जे भांडे रिकामे सापडेल ते. शिकवणीसाठी लातुरात येऊन राहिलेली ती मुले होती आणि त्यांना घरमालकिणीने दारावर बादल्यांची संख्या खडूने लिहून दिली होती. गल्लीच्या टोकाला एका आजींच्या दारात एक निळे प्लास्टिकचे पिंप उंबऱ्याला अडेल असे उभे होते. नातवाला ते हलवायचे होते आणि आजी हलवू देत नव्हत्या. ते पिंप रेल्वे आली त्या उन्हाळ्यात घेतलेले होते. ‘आता पाणी बरं येतंय की आजी,’ असे मी म्हटले, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की पुढचे बोलणेच खुंटले. माझ्या व्हिडिओत त्या रेल्वेचा उल्लेख त्या एका पिंपापुरता झाला. संहितेची कात्रणे कपाटात राहिली.

काकूंच्या तोंडचे ‘त्यात काय’ मी त्या दिवसापासून फार लक्ष देऊन ऐकू लागले. एखादे काम रोज करणारा माणूस त्या कामातल्या ज्या भागाबद्दल ‘त्यात काय दाखवायचं’ असे म्हणतो, तो भाग त्याच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की तो त्याला दिसत नाही. आणि बाहेरच्याने तो कधी पाहिलेलाच नसतो, म्हणून बाहेरचा त्याबद्दल विचारत नाही. दोन्ही बाजूंनी न विचारले गेलेले असे ते ठिकाण असते. माझे चांगले म्हणता येतील असे बहुतेक विषय मला तिथेच मिळाले आहेत. ज्या गोष्टी लोक आपण होऊन, उत्साहाने, कॅमेऱ्याकडे तोंड करून सांगतात, त्या त्यांनी याआधी कोणाला तरी सांगितलेल्या असतात.

उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिथे मी गेले होते देवणी गोवंशासाठी. देवणीचे तीन प्रकार मानतात: अंगाने पूर्ण पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके-पट्टे असलेला शेवरा, आणि अंग पांढरे पण तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असा वानेरा. हे तीन प्रकार ओळीने दाखवावेत, शेजारी कंधारकडचे लाल कंधारी उभे करावे, दात पाहून वय कसे सांगतात ते दाखवावे, असा माझा बेत होता. बेत वाईट नव्हता. आदत म्हणजे दुधाच्या दाताचा गोऱ्हा, मग दोनदाती, चौसा, सहादाती आणि सगळे दात आले की जुळलेला, ही सगळी माहिती एका म्हाताऱ्या मामांनी मला बैलाचा ओठ उचलून उचलून दिली. ती सांगताना ते रंगून गेले होते, म्हणजे त्यांनी ती पुष्कळांना सांगितलेली होती.

पलीकडे दोन माणसे एकमेकांचा हात धरून उभी होती आणि हातांवर उपरणे टाकलेले होते. तिसरा, म्हणजे दलाल, दोघांच्या मध्ये उभा राहून पावसाबद्दल बोलत होता. उपरण्याखाली बोटे दाबली जातात, किती बोटे धरली यावरून आकडा कळतो, आणि तो हजारांत आहे की शेकड्यांत हे दोघांनाही आधीच माहीत असते. भोवतीच्या गर्दीला कळू नये आणि पुढच्या जनावराचा भाव आधीच्या भावाला बांधला जाऊ नये, हा त्यातला हिशेब. मी कॅमेरा तिकडे वळवला तेव्हा दलाल म्हणाले, ‘ताई, त्यात काय दिसणार हाय तुमाला? बैल घ्या की कॅमेऱ्यात.’

खरोखरच काही दिसत नव्हते, आणि त्यामुळेच मी तो सौदा शेवटपर्यंत घेतला. विकणारा आभाळाकडे पाहत होता. घेणाऱ्याची नजर बैलाच्या मागच्या डाव्या खुरावर होती आणि ती तिथून हलत नव्हती, जणू भाव त्या खुरावर लिहिलेला आहे. एकदा विकणाऱ्याने हात झटकून काढून घेतला, उपरणे खाली पडले, दलालाने ते उचलून झटकले आणि पावसाचे बोलणे जिथे तुटले होते तिथूनच पुढे सुरू केले. पुन्हा हात, पुन्हा उपरणे. बैल या सगळ्या वेळात रवंथ करत होता. अखेर घेणाऱ्याने खिशातून विसार काढून दिला आणि दोघेही एकदम हसले; पण किती, ते मला सांगितले नाही. मी विचारलेही नाही. तो व्हिडिओ मी भाव न सांगताच ठेवला. बालंक्या, शेवरा, वानेरा यांची माहिती त्यात आली, परंतु ती पाहणाऱ्याचे डोळे त्या उपरण्यावर खिळलेले असताना कानावरून गेली. देवणीवर आधी पुष्कळ चित्रीकरण झाले आहे आणि ते माझ्यापेक्षा सरस आहे. तो खूर मात्र मी तोवर कोणाच्या व्हिडिओत पाहिला नव्हता.

ही रीत काही नवी नाही, आणि आमच्याच भागात ती चारशे वर्षांहून जुनी आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांना परमार्थ सांगायचा होता, जो विषय तोवर असंख्यांनी सांगून झाला होता. त्यांनी भारुडांमध्ये वासुदेव, जोशी, गोंधळी उभे केले, विंचू चावलेल्या माणसाची तडफड घेतली. रोज दारावरून जाणारी ती माणसे होती. पंडितांच्या सभेत ‘यांत काय सांगायचे’ असेच कोणी म्हटले असते. भक्तीची तुलना माझ्या व्हिडिओंशी करण्याचा उद्धटपणा मी करत नाही. पण विषय कुठे शोधावा, या प्रश्नाला पैठणने दिलेले उत्तर आम्ही रेडिमेड संगीत लावून विसरत आहोत, असे मला वाटते.

वेळ अमावस्येचे उदाहरण मी मुद्दाम घेते, कारण लातूर आणि धाराशिवकडे त्याहून झिजलेला विषय दुसरा नाही. सण म्हणून तो मला फार प्रिय आहे. गाव ओस पडते आणि शेते माणसांनी भरतात, रब्बीच्या ज्वारीत कडब्याची कोप म्हणजे झोपडी उभी राहते, आत पांडव म्हणून पाच दगड मांडले जातात, ताक-ज्वारीच्या अंबिलाचे बिंदगे म्हणजे मडके येते, बाजरीचे उंडे येतात, ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ म्हणत पिकाभोवती अंबील शिंपडले जाते आणि ते शब्द दर चार गावांनी थोडे बदलतात. संध्याकाळी मशालीसारखा पेटता हेंडगा घेऊन पोरे शेतातून पळतात. हे सारे दरवर्षी सगळे दाखवतात, आणि दाखवावेच. पण मला गेल्या खेपेला दाखवायला नवे काही उरले नव्हते, म्हणून मी आत्याच्या शेतात भज्जीच्या पातेल्याजवळ बसून राहिले. भज्जीत ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, पावटा, शेंगदाणे, हाती लागेल ती पालेभाजी, बेसन आणि चिंचेचा कोळ असे पुष्कळ काही पडते. ही शेताची भाजी, असे आपण म्हणतो. मी आत्याला विचारले, की यातले आपल्या शेतातले काय काय?

आत्या म्हणाली, ‘हे काय विचारणं झालं?’ आणि मग पातेल्यात डाव घालून मोजू लागली. तूर आपली, कारण सोयाबीनमध्ये अजून तुरीच्या ओळी असतात. हरभरा आपला. वाटाणा नेहमीच बाजारचा. शेंगदाणे वाण्याकडचे, सोयाबीन आले आणि भुईमुगाचे रान गेले, ते कोणत्या वर्षी गेले हे तिला आठवेना. पावटा बांधावर असायचा, पण दोन्हीकडून ट्रॅक्टर घासत घासत बांधच बोटभर राहिला, त्यावर पावटा कुठे चढणार? चिंच शेजाऱ्याची, मागून आणलेली. आपले झाड रस्त्यात गेले. मराठवाड्याच्या शेतीत गेल्या तीस-चाळीस वर्षांत काय झाले, हे ती भज्जी ढवळता ढवळता सांगून मोकळी झाली. सोयाबीनच्या क्षेत्रवाढीचे तक्ते मी तज्ज्ञांच्या मुलाखतींतून पाहिलेले आहेत. त्यांचे महत्त्व कमी नाही, परंतु पावटा गेल्याची नोंद त्यांत नसते. तो व्हिडिओ करताना आत्याची अट एकच होती, की तिचा चेहरा दाखवायचा नाही, कारण त्या दिवशी तिने जुने लुगडे नेसले होते. म्हणून त्यात फक्त पातेले, डाव आणि तिचा आवाज आहे.

ऊसतोडीवर एवढेच सांगते. बीडकडून गाड्या निघाल्या की त्यांच्यावर करुण संगीत चढते, आणि त्या माणसांचे हाल खरे असल्यामुळे कोणी त्याला आक्षेप घेत नाही. पण हालांचे चित्रण पुन्हा पुन्हा झाले की त्यातली माणसे एकमेकांसारखी दिसू लागतात. तिथे मला विचारण्याजोगी वाटली ती व्यवहाराची बाजू. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा गडी म्हणजे अर्धा, मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्याच्या हिशेबाने. मग त्या एका कोयत्यातल्या बाईच्या हातात काय येते? मोळ्या डोक्यावरून वाहायच्या त्या डोकी सेंटरला काम धरायचे की टायरवर, म्हणजे बैल जुंपलेल्या टायरगाडीवर, हे कोण ठरवते? पाच-सहा महिन्यांच्या कोपीतल्या संसारासाठी घरातून काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, याचा निर्णय कोणाचा? या शेवटच्या प्रश्नावर एका ताईने मला पेटी उघडून दाखवली. वर मुलीची शाळेची वही होती. शाळा सुटणार होती हे तिलाही माहीत होते आणि मलाही. ‘वही कशाला?’ असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. मी ते विचारले नाही, आणि तो भाग चित्रीकरणातही ठेवला नाही.

इथे या रीतीची दुसरी बाजू येते. ‘त्यात काय’ असे म्हणणारा माणूस प्रत्येक वेळी सवयीने म्हणत नसतो. कधी त्याला ते बोलायचेच नसते. आवाजावरून फरक कळतो. सवयीचे ‘त्यात काय’ हसत येते आणि त्याच्या पाठोपाठ माणूस स्वतःच दोन वाक्ये जास्त बोलतो. दुसऱ्या प्रकारात तो विषय बदलतो, किंवा चहाचे विचारतो. चहाचे विचारले की चहा घ्यावा आणि कॅमेरा बॅगेत ठेवावा. अशा वेळी नेटाने खोदत राहणाऱ्यांना पुष्कळ दाद मिळते, हे मी पाहिले आहे, आणि तरीही मला ते पटत नाही.

किल्लारीच्या बाबतीत मी याच कारणाने अनेक वर्षे काहीच केले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झाले ते माझ्या आईच्या पिढीने अंगावर घेतलेले आहे. हजारो माणसे दगावली, त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर फूट-दोन फूट मातीचे माळवद, म्हणजे सपाट छत. थंडी-उन्हाला जे उत्तम, तेच त्या पहाटे जिवावर उठले. दरवर्षी त्या तारखेला त्याच माणसांना तोच प्रश्न विचारण्यासाठी रांग लागते, की त्या रात्री तुम्ही कुठे होता. मला त्या रांगेत उभे राहायचे नव्हते.

परंतु माळवद या गोष्टीबद्दल माझ्या मनात फार दिवस काहीतरी घोळत होते आणि त्याला तोंड फुटले ते एका गवंडीबापूंमुळे. ते औसा तालुक्यातले. त्यांच्या वडिलांच्या हातची माळवदे त्या पट्ट्यात होती. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसली, सिमेंटची घरे आली, इतरांनीही पत्रे घातले आणि त्यांच्या घराण्याचे काम बदलले. मी भूकंपाचे काही विचारले नाही. मी विचारले, की माळवदावर कोणती माती घालत होता. बापू म्हणाले, ‘माती ती माती, त्यात काय?’ आणि हसले. म्हणून मी बसले.

माती म्हणजे पांढरीच लागते. आमच्या रानात जिकडेतिकडे काळी पडलेली असताना ती चालत नाही, कारण काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. माळवद पहिल्याच पावसात गळायला लागेल. पांढरी मिळते ती जुन्या गावठाणाच्या, पडक्या गढीच्या जागी. म्हणजे एका घराची माती दुसऱ्या घराच्या डोक्यावर जात होती. ती खणून आणायची, चाळायची, मृगाच्या आधी माळवदावर नवा थर द्यायचा आणि बडवून बसवायचा. घर किती खणांचे आहे यावर किती गाड्या माती लागेल ते ठरत असे, आणि तो हिशेब बापूंना अजून तोंडपाठ आहे. दरवर्षी एक थर चढत गेला, तर दहा-वीस वर्षांत छताचे वजन किती झाले असेल, हे गणित माझ्या मनात सुरू झाले तेव्हा बापूंच्याही मनात ते सुरू झाले असावे. ते बोलायचे थांबले. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, की जाणते गवंडी जुना थर खरवडून मगच नवा घालत. पण खरवडायची मजुरी वेगळी पडते, मग कोण खरवडतो?

हे वाक्य माझ्याकडे वहीत आहे, चित्रित केलेले नाही. मी पहिल्या भेटीला कॅमेरा काढत नाही. विषय पक्का आहे असे वाटले तर दुसऱ्यांदा जाते, आणि दुसऱ्यांदा जाताना मधल्या काळात मला पडलेला प्रश्न घेऊन जाते, पहिल्यांदा मिळालेले उत्तर पुन्हा वदवून घ्यायला जात नाही. पुन्हा वदवलेले उत्तर ऐकताक्षणी कळते. यात आठवडा सहज मोडतो. म्हणून वहीत नेहमी असे काही किरकोळ विषय राखून ठेवावे लागतात, जे एका संध्याकाळी घरच्या घरी होतात: आमटीचा येसर मसाला भाजताना कोणता जिन्नस आधी आणि कोणता शेवटी, धपाट्याचे ओले फडके तव्यावरून नेमके कधी सोडवायचे. आठवड्याला एक या शिस्तीला असे विषय तारून नेतात आणि मोठ्या विषयाला त्याच्या गतीने पिकू देतात. ही शिस्त मी सोडावी असे काही स्नेही सुचवतात. मला ते मान्य नाही. आठवड्याचा बांध नसता तर मी बापूंच्या गावी गेलेच नसते, घरी बसून उत्कृष्ट विषयाची वाट पाहिली असती.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की या मार्गाने मिळणारे प्रेक्षक संख्येने कमी असतात. तुळजापूरच्या गर्दीचे ड्रोनचित्र एका दिवसात जेवढे पाहिले जाते, तेवढे भज्जीचे पातेले वर्षभरातही पाहिले जाणार नाही. शिवाय कित्येकदा ‘त्यात काय’ याचा अर्थ खरोखरच ‘त्यात काही नाही’ असा निघतो. हळदीच्या दिवसांत वसमतकडे दिवसभर कढईजवळ थांबून मी जे आणले, त्यात वाफेखेरीज काही नव्हते आणि पाहणाऱ्यांनी पहिल्या मिनिटातच ते ओळखले. त्यावर उपाय नाही. मात्र जे थोडे प्रेक्षक येतात ते बरोबर काहीतरी घेऊन येतात. पाणी भरण्याच्या क्रमावरच्या व्हिडिओनंतर परभणीहून, जालन्याहून लोकांनी आपापल्या घरचे क्रम कळवले, आणि एका गृहस्थांनी लिहिले की त्यांच्या घरी पाणी भरताना कोणी बोलायचे नाही असा नियम आहे, कारण मोटारीचा आवाज बदललेला ऐकू आला पाहिजे. तो विषय अजून वहीत आहे.

बापूंचे चित्रीकरण मृगाच्या आधी करायचे ठरले आहे. त्यांच्या गावात एका वाड्यावर अजून माळवद शिल्लक आहे आणि त्याचे मालक पुण्याला असतात. यंदा थर द्यायचा की पत्रे टाकायचे, हे त्यांच्या घरात ठरायचे आहे. पत्रे टाकायचे ठरले तर मी माळवद उतरवताना घेणार आहे. किती थर निघतात ते मोजता येईल का, असे बापूंना फोनवर विचारले, तर म्हणाले, ‘मोजायचं काय त्यात, रंगावरून कळतंय की.’ तेव्हा आता कोणत्या वर्षीच्या मातीचा रंग कोणता, हे विचारायला मला पुन्हा जावे लागणार आहे.